बरोबरचं चिन्ह मी छापणार नाही

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका गिर्यारोहक मित्रानं मला एक कोष्टक पाठवलं. वर देशांची नावं: अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन, जर्मनी-ऑस्ट्रिया, ऑस्ट्रेलिया. खाली कातळचढाईच्या ग्रेडच्या ओळीमागून ओळी. अमेरिकेचा ५.१०ए म्हणजे फ्रान्सचा ६ए, म्हणजे युआयएएचा सहा-प्लस, म्हणजे ब्रिटनचा ई१, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा १८. विनंती साधी होती. "साहेब, तुम्ही इतकी वर्षं उस्ताद म्हणून काढलीत. हे मराठीत करून तुमच्या लेखात टाका. पोरांना एका नजरेत कळेल कुठला कडा किती अवघड ते."

मी नाही म्हटलं. तो नाराज झाला. "सगळं जग वापरतं, तुम्हालाच काय वावडं?" म्हणाला. फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे देतो. जरा लांबेल, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे. ती आजवर मी फक्त एका चौकशीत सांगितली, आणि तिथेही अर्धीच.

ज्यांचा दोराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. कड्यावर एक वाट पहिल्यांदा कुणीतरी चढतं. तो माणूस किंवा त्याच्यामागून गेलेले चार जण ती किती अवघड आहे याचा अंदाज सांगतात. तो अंदाज एका आकड्यात किंवा अक्षरात बसवला की झाली ग्रेड. ती टेपनं मोजलेली नसते. एका भागातल्या, एका प्रकारच्या खडकावर, एका पद्धतीनं चढणाऱ्या माणसांचं ते आपसातलं बोलणं असतं. त्या माणसांत ते उत्तम चालतं. भानगड सुरू होते ती दोन देशांच्या बोलण्यात आपण बरोबरचं चिन्ह टाकतो तिथे.

कारण हे सगळे एकच गोष्ट मोजत नाहीत.

अमेरिकेची पद्धत मूळची चालण्याची. पहिला वर्ग म्हणजे पायवाट, दुसरा-तिसरा म्हणजे हात टेकत चढणं, पाचवा म्हणजे दोर लावून कातळ चढणं. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ताक्वित्झ नावाच्या कड्यावर त्या पाचव्या वर्गाचे दशांश पाडले गेले. ५.० पासून ५.९ पर्यंत. तिथे रॉयल रॉबिन्स आणि डॉन विल्सन यांनी १९५२ मध्ये जी वाट मोकळ्या हातांनी चढून काढली, ती ५.९ ठरली. म्हणजे त्याच्यापुढे काही नाही. माणसं मात्र पुढे गेली, म्हणून मग ५.१०, ५.११ असं गणिताच्या मास्तरांना रडू येईल असं लिहावं लागलं. हा आकडा मुळात सगळ्यात अवघड हालचालीचा आहे. दोर अडकवायला जागा आहे की नाही, पडलात तर काय होईल, हे तो बोलत नाही. अमेरिकनांनाही ते खटकलं. १९८० मध्ये जिम एरिक्सननं सिनेमाच्या प्रमाणपत्रांवरून अक्षरं उचलली आणि ग्रेडच्या मागे लावली. आर म्हणजे पडलात तर जबर जखमी व्हाल, एक्स म्हणजे कदाचित उठणार नाही. माझ्या मित्राच्या कोष्टकात आर आणि एक्सला रकाना नाही. माणूस मरण्याची शक्यता रकान्यात बसली नाही, म्हणून गाळली.

जर्मन भाषेच्या मुलखात विलो वेल्झेनबाख नावाच्या आल्प्सच्या आरोहकानं १९२० च्या दशकात रोमन आकड्यांची सहा पायऱ्यांची पद्धत बसवली. हा पुढे १९३४ मध्ये नंगा पर्बतावर गेला, म्हणजे आपल्याला फार परका नाही. पुढे आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघानं, म्हणजे युआयएएनं, तीच पद्धत आपली केली. सहावी पायरी म्हणजे माणसाच्या कुवतीचा शेवट. तिथेही तेच झालं. १९७७ मध्ये ऑस्ट्रियातल्या वाइल्डर कायझर डोंगरात हेल्मुट कीने आणि राइनहार्ड कार्ल यांनी पुंपरिस्से ही वाट चढून तिला सरळ सात म्हटलं, आणि वरचं झाकण उघडलं.

या दोन्ही गोष्टींचा धडा एकच. झाकण बंद होतं त्या काळात शेवटच्या पायरीवर सगळं कोंबलं गेलं. थोडं अवघड तेही ५.९, खूप अवघड तेही ५.९. म्हणून जुन्या ५.९ वर नवे आरोहक आजही तोंडावर आपटतात. आकडा तोच, साल वेगळं. एकाच देशात, एकाच पद्धतीत बरोबरचं चिन्ह टिकत नाही, तिथे पाच देशांत काय टिकणार?

जर्मनीतच पूर्वेला एल्बे नदीकाठचा वालुकाश्म आहे. तिथला नियम शंभर वर्षांहून जुना आहे: कातळाच्या भेगेत लोखंड घालायचं नाही. नट नाही, फ्रेंड नाही, हाताला खडूची पूडही नाही. दोरीच्या गाठी भेगेत अडकवायच्या आणि त्यांच्या भरवशावर वर जायचं. मधूनमधून पक्क्या कड्या असतात, त्याही लांब लांब. तिथेही रोमन सात आहे. पण हालचालीपुरतं पाहिलं तर तो युआयएएच्या सातपेक्षा सोपा, आणि काळजाच्या हिशेबानं कितीतरी वरचा. कोष्टक करणारा हालचालीचा हिशेब धरतो आणि गाठ विसरतो.

ऑस्ट्रेलियात जॉन युबँकनं १९६० च्या दशकात नुसता साधा वाढता आकडा आणला, वर झाकण नसलेला. न्यूझीलंडनं तो घेतला, दक्षिण आफ्रिकेनंही थोड्या फरकानं घेतला. त्याचं म्हणणं होतं की एका आकड्यात सगळं यावं: हालचाल, लांबी, खडकाचा भरवसा, दोराची सोय, पायाखालची पोकळी. विचार चांगला. पण मग सगळं मिळून केलेला १८ आणि फक्त एका हालचालीचा ५.१०ए यांच्यात बरोबरचं चिन्ह कसं घालणार? वाण्याकडे जाऊन तीन किलो बरोबर किती मीटर, असं कुणी विचारतं का?

आता '६ए' हे एकच नाव घ्या. फ्रान्सच्या बोल्ट मारलेल्या चुनखडीवर ६ए म्हणजे नियमित सराव करणाऱ्याला जमणारी चढाई. पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या जंगलात ६ए म्हणजे ठेंगण्या धोंड्यावरच्या चार-सहा हालचाली, आणि त्या पहिल्या ६ए वरच्या कुठल्याही हालचालीपेक्षा पुष्कळ कठीण. ब्रिटनची तांत्रिक ६ए तिसरीच. ती एका हालचालीची ग्रेड आहे, आणि अशी हालचाल फ्रान्सच्या सातला टेकलेल्या वाटेवर सापडते. इंग्रजीत निदान फाँतेनब्लोचं अक्षर मोठ्या लिपीत लिहितात आणि फ्रान्सच्या दोरचढाईचं लहान लिपीत, म्हणून जाणत्याला फरक कळतो. आपल्या देवनागरीत मोठा ए आणि लहान ए असं काही नाही. म्हणजे हे कोष्टक मराठीत केलं की उरलासुरला फरकही पुसला जाणार. मित्रा, तू माझ्याकडून हेच करवून घेणार होतास.

आता माझी चूक.

बेळगावच्या पोस्टिंगमध्ये आमच्या पलटणीतली चार-पाच पोरं रविवारी बदामीला जायची. बदामीचा लाल वालुकाश्म तुम्ही लेणी पाहताना पाहिला असेल. तिथे बऱ्याच वाटांवर बोल्ट मारलेले आहेत आणि ग्रेड फ्रान्सच्या पद्धतीच्या आहेत. त्यातला एक पोरगा, सातारा जिल्ह्यातला, फार गुणी. नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही. हात लांब, डोकं थंड. वर्षभरात तो ६ए आरामात लीड करू लागला. सगळ्यांना सांगायचा, "आपण सहाचे."

पुढे डोंगरी प्रशिक्षणासाठी आमचा कॅम्प लाहौलमध्ये लागला. चार हजार मीटरच्या थोडं खाली, एका नाल्याच्या तोंडाशी. वर ग्रॅनाइटचा मोठा कडा. जवळच्या गावात एका घरी आल्या-गेल्यांची वही होती. त्यात काही वर्षांपूर्वी आलेल्या ब्रिटिश आरोहकांनी त्या कड्यावरच्या एका वाटेची नोंद केली होती. एक रेखाचित्र, डावीकडची भेग, मधला कट्टा, वरची सपाट शिळा. बाजूला लिहिलेलं: एचव्हीएस ४सी.

माझ्याकडे तेव्हा असंच एक कोष्टक होतं. प्लॅस्टिकमध्ये बसवून घेतलेलं, छातीच्या खिशात मावेल असं. मला त्याचा अभिमान होता. मी त्यात ४सी शोधलं. ब्रिटनची ४सी म्हणजे अमेरिकेचा ५.७, फ्रान्सचा ५ए. एचव्हीएस म्हणजे 'हार्ड व्हेरी सिव्हिअर', हे मला ठाऊक होतं. पण ब्रिटनवाल्यांची जुनी मोठमोठी विशेषणं आहेत, असं समजून मी ते सोडून दिलं. खडूनं फळ्यावर लिहिलं: ५.७. पोरगा हसला. "साहेब, हे तर बदामीचं वॉर्मअप."

आता ब्रिटनची नोंद कशी वाचायची ते सांगतो. मी ते चार महिने उशिरा शिकलो. त्यांची ग्रेड दोन भागांची असते. पहिला भाग पूर्ण चढाईचा: तिची लांबी, दमणूक, भीती, दोराची सोय, सगळं मिळून. याची मुळं फार जुनी. १८९७ मध्ये ओ. जी. जोन्सनं लेक डिस्ट्रिक्टमधल्या चढायांवर पुस्तक लिहिलं, त्यात चारच वर्ग होते: सोपी, मध्यम, कठीण, अपवादात्मक कठीण. त्या विशेषणांचा वंश वाढत एचव्हीएसपर्यंत आणि पुढे १९७० च्या दशकात ई१, ई२ पर्यंत गेला. दुसरा भाग, ४सी किंवा ५ए, हा फक्त सगळ्यात अवघड हालचालीचा.

गंमत या दोन भागांच्या जोडीत आहे. एचव्हीएसबरोबर सहसा ५ए येते. एचव्हीएस ५बी असेल तर समजायचं की एखादी जागा खडतर आहे, पण तिथे दोर नीट अडकतो. आणि एचव्हीएस ४सी असेल तर? हालचाली सोप्या, पण पूर्ण चढाई तरीही एचव्हीएस. मग बाकीचा अवघडपणा कुठून आला? उघड आहे. दोर अडकवायला जागा नाही. ते दोन तुकडे मिळून एक वाक्य आहे, आणि ते वाक्य सांगतं: बाबा रे, सोपं आहे, पण पडू नकोस.

मी त्या वाक्यातला पहिला अर्धा भाग खोडला आणि उरलेला अर्धा अमेरिकनमध्ये भाषांतरित केला.

सप्टेंबरची सकाळ होती. कड्यावर अजून ऊन आलं नव्हतं. पोरगा डावीकडची भेग चढला, दोन नट लावले, कट्ट्यावर पोचला. तिथून शिळा. शिळेला भेग नव्हती. कट्ट्याच्या थोडं वर एक शेवटचा नट बसला, त्यानंतर काही नाही. तो वर जात राहिला, कारण हालचाली खरंच सोप्या होत्या. बोल्ट दिसत नव्हता म्हणून तो थोडा बिचकला असेल. बदामीत दर दोन-तीन मीटरला बोल्ट असतो आणि डोळे तो शोधायला शिकलेले असतात. शेवटच्या नटापासून चार मीटर वर त्याच्या पायाखालचा एक खडा निघाला. बोटं थंडीनं बधिर होती.

हिशेब शाळेतला आहे. नट चार मीटर खाली, म्हणजे पडणार आठ मीटर, आणि वर दोराचा ताण. कट्टा त्याच्या पायाखाली पाच मीटरवर होता. दोर ताणला जाण्याआधी कट्टा आला. बिले देणाऱ्याची काही चूक नव्हती, गाठीची नव्हती, दोराची नव्हती. टाचेचं हाड तीन ठिकाणी फुटलं. त्याला स्ट्रेचरवर घेऊन रस्त्यापर्यंत यायला आम्हाला साडेतीन तास लागले. तो ओरडला नाही. मध्येच एकदा म्हणाला, "साहेब, पाच-सातच होता ना?"

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. रीतसर प्रश्न आला, "रूट की डिफिकल्टी क्या थी?" मी उत्तर दिलं, "फाइव्ह पॉइंट सेव्हन, सर." ते कागदावर उतरलं. कुणी पुढे विचारलं नाही. आकडा असला की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. तो सोपा रूट होता, प्रशिक्षित जवान होता, साहित्य ठीक होतं, म्हणजे दैव. मी खोटं बोललो नव्हतो. कोष्टकात तसंच लिहिलेलं होतं.

पोरगा शेप-१ होता. तो लो मेडिकल कॅटेगरीत गेला. पुढची वर्षं त्यानं स्टोअरमध्ये दोर आणि कॅराबिनर मोजत काढली आणि पेन्शनीवर घरी गेला. उतारावर त्याचा पाय अजून दुखतो. मी फोन करतो तेव्हा तो माझी चौकशी करतो, हे जास्त लागतं.

माझ्या मित्राच्या तीन हरकती आहेत. तिन्हींना उत्तर देणं भाग आहे.

पहिली: सरसकट सगळी रूपांतरं वाईट कशी? मान्य, नाहीत. कोरडा खडक, दर दोन-तीन मीटरला पक्का बोल्ट, खाली मोकळी हवा, अशा चढाईपुरतं फ्रान्सची ग्रेड आणि अमेरिकेची ग्रेड यांचं भाषांतर बऱ्यापैकी जमतं. कारण तिथे बाकीचे सगळे प्रश्न बोल्टनं सोडवलेले असतात आणि फक्त हालचाल उरते. बदामीहून स्पेनला जाणाऱ्यानं ते खुशाल वापरावं. पण बोल्ट संपला की कोष्टक संपलं. आपल्या देशातला बहुतेक कातळ बोल्ट संपल्यावरचा आहे. सह्याद्रीतल्या सुळक्यांवर बोल्ट असले तरी ते कुणी, कधी ठोकले आणि किती पावसाळे त्यांनी खाल्ले, हे बघितल्याशिवाय त्यांना बोल्ट म्हणू नये.

दुसरी हरकत मला फौजी म्हणून टोचणारी. "साहेब, फौजेत तर सगळं स्टँडर्ड असतं. वैद्यकीय कॅटेगरी, कोर्सची ग्रेडिंग, सगळीकडे एकच माप. मग कड्यालाच का नको?" याचं उत्तर माझ्या जुन्या सोबत्यांना माहीत आहे, फक्त त्यांनी ते असं कधी मांडलं नसेल. फौज माणूस आणि सामान स्टँडर्ड करते. जमीन स्टँडर्ड करत नाही. सेक्शन कमांडर हुकूम देतो तेव्हा पहिल्यांदा काय सांगतो? ज़मीनी निशान. समोर एकटं झाड, त्याच्या उजवीकडे तुटकी भिंत, त्यामागे नाला. मग खबर, मग मकसद, मग तरीका. जमीन हातानं दाखवल्याशिवाय एकही हुकूम सुरू होत नाही. "पुढे जमीन आहे, अवघडपणा ५.७" असं म्हणणाऱ्या कमांडरला आमच्या सुभेदार साहेबांनी तिथेच झोपवला असता. मी मात्र त्या दिवशी फळ्यावर नेमकं तेच केलं.

आणि फौजेच्या कामाचे कडे कुठल्या रकान्यात बसतात? ३-४ जुलै १९९९ च्या रात्री १८ ग्रेनेडिअर्सच्या घातक प्लाटूननं टायगर हिलचा कडा चढला. पाच हजार मीटरच्या वर. योगेंद्रसिंह यादव दोर बांधत पुढे गेले. पाठीवर ओझं, अंधार, थंडी, विरळ हवा, वरून गोळीबार. दिवसा, हलक्या बुटांत, कोणी त्या कड्याला जी ग्रेड देईल, तिचा त्या रात्रीशी संबंध काय? चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. बदामीचा ६ए तिथे ६ए राहत नाही, आणि तो चढणारा पोरगाही तोच राहत नाही.

तिसरी हरकत: मग पोरांनी निवडायचं कसं? काहीतरी आकडा तर हवा. हवा ना. पण जिथला तिथेच ठेवा. ब्रिटननं एचव्हीएस ४सी लिहिलं असेल तर तेच लिहा, आणि त्याचा अर्थ मराठीत दोन ओळींत सांगा. परक्या भाषेतलं पत्र आलं तर आपण कोष्टक शोधत नाही, वाचणारा माणूस शोधतो.

आणि आपण स्वतः काय लिहितो तेही पाहू. आपल्या किल्ल्यांच्या पुस्तकांत 'श्रेणी: सोपी', 'श्रेणी: मध्यम', 'श्रेणी: कठीण' असतं. जोन्सचे १८९७ चे पहिले तीन वर्ग जसेच्या तसे. महिना लिहिलेला नसतो. जुलैत शेवाळ, मार्चमध्ये वाळल्या गवताखालचा घसारा, आणि पुस्तकात दोन्हीला 'मध्यम'. आपला कातळ थरांचा आहे. भेगांत माती, कट्ट्यांवर गवत, हाताला येणारा धोंडा मुळापासून पक्का की नुसता बसवलेला, ते ठोकून पाहावं लागतं. अशा कातळाला अमेरिकेच्या ग्रॅनाइटचा आकडा चिकटवून आपण 'आंतरराष्ट्रीय' होत नाही.

मी आता ग्रेडच्या आधी पाच गोष्टी लिहायला लावतो. एक, सगळ्यात अवघड जागा कुठे आहे आणि तिथे नेमकं काय करावं लागतं. दोन, दोर अडकवायला काय मिळतं आणि दोन जागांमधलं सगळ्यात मोठं अंतर किती. तीन, पडलं तर कुठे. चार, खडक कसला, कुठल्या महिन्यात चढला, ऊन किती वाजता येतं. पाच, अर्ध्यातून मागे कसं फिरायचं आणि तिथून माणूस उचलून रस्त्यापर्यंत आणायला किती तास. हे लिहून झाल्यावर खाली हवी ती ग्रेड टाका, माझी ना नाही.

लाहौलच्या त्या वाटेची नोंद मी नंतर अशी लिहिली, आणि तीच त्या गावातल्या वहीत ठेवून आलो: "ग्रॅनाइट. डावीकडच्या भेगेत नट चांगले बसतात. कट्ट्यानंतर शिळा, हालचाली सोप्या, पण शेवटच्या नटानंतर वरपर्यंत काहीही अडकत नाही. इथे पडलं तर कट्ट्यावर आपटणार, दोर वाचवणार नाही. पायाखालचे खडे सुटतात. दहाच्या आधी ऊन नाही, बोटं गारठतात. कट्ट्यावरून दोरानं उतरता येतं, शिळेवरून नाही. रस्ता स्ट्रेचरनं साडेतीन तास. ब्रिटनची ग्रेड एचव्हीएस ४सी. तिचा अर्थ हाच होता."

वाचायला मिनिटही लागत नाही. एवढं मी त्या सकाळी फळ्यावर लिहिलं असतं, तर तो पोरगा कट्ट्यावर थांबला असता. तो मूर्ख नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नोंद करणाऱ्यांनी सांगितलं होतं, मध्ये मी आलो.

म्हणून मित्रा, कोष्टक परत पाठवतोय. ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या पुस्तकात तशीच सापडेल. माझी तक्रार त्यातल्या बरोबरच्या चिन्हाशी आहे. ते चिन्ह बघितलं की वाचणारा पुढचा प्रश्न विचारायचं थांबतो, आणि कड्यावर तोच प्रश्न माणसाला वाचवतो. तुझ्याकडे सह्याद्रीतल्या ज्या वाटांची माहिती आहे, त्या मला त्या पाच गोष्टींसकट लिहून पाठव. एकेक वाट, भले महिन्याला एक. त्या मी इथे छापीन, तुझ्या नावानं.

माझं ते प्लॅस्टिकमधलं कार्ड अजून आहे. खिशात नाही, ट्रंकेत. त्यावर ४सी आणि ५.७ यांच्यामध्ये पेनानं एक रेघ मारलेली आहे. ती त्याच वर्षीची.